दारात गाडी, घराला अर्थिंग नाही

२०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात, धम्मचक्र प्रवर्तन दिन होऊन आठ दिवस झाले असतील, आमच्या दारात मोटार उभी राहिली. लेकीने कर्ज काढून घेतलेली, टाटा टियागो, विजेवर चालणारी. ती उमरग्याला दवाखान्यात परिचारिका आहे. जावई पुण्याला कारखान्यात कामाला असतात, त्यामुळे लेक आणि नातू आमच्याजवळ लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात. तिची दुपारपाळी रात्री सुटते. त्या वेळी फाट्यावरून गावापर्यंत यायला वाहन मिळत नाही. दोन वर्षे मी स्कूटरवर जाऊन तिला आणत होतो. माझ्या डोळ्यांना आता रात्री समोरच्या गाडीचा उजेड सहन होत नाही, म्हणून तिने हा निर्णय घेतला.

मी एसटीत एकतीस वर्षे काढली. आधी आगारात मदतनीस, नंतर चालक. माझे सगळे आयुष्य डिझेलच्या वासात गेले. इंजिनचा आवाज ऐकून मला गाडीचे दुखणे कळायचे. या गाडीला आवाजच नाही. शेजारच्या आयाबाया हळदी-कुंकवाच्या ताटाऐवजी मोबाईल घेऊन फोटो काढायला आल्या, पोरांनी आत बसून हॉर्न वाजवून घेतला. संध्याकाळी लेक म्हणाली, "आबा, आता हिला जेवायला वाढू." डिकीतून तिने चार्जर काढला. वायरच्या मधोमध एक डबा, एका टोकाला गाडीत बसणारे तोंड, दुसऱ्या टोकाला जाड तीन पिनांचा प्लग. घरात गिरणीसाठी बसवलेला पंधरा अँपिअरचा सॉकेट होता. त्यात प्लग घातला. डब्यावर लाल दिवा लागला आणि गाडी काही चार्ज होईना.

वायर हलवून पाहिली, प्लग काढून घातला. लाल तो लालच. पुस्तिका वाचल्यावर लेकीला अर्थ कळला. अर्थिंग नाही.

वाचकहो, त्या घरात आम्ही जवळजवळ सत्तावीस वर्षे राहत होतो.

या घराची गोष्ट थोडी सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा आमचे जुने गाव जमिनीला मिळाले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, माणसे त्याखालीच गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागेवर वसवली गेली. नव्या घराचे माप जमिनीवरून ठरले होते. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याच्या वर असेल त्याला ७५०. आमची सगळी ओळ २५० ची. का ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मात्र घर लहान असले तरी पुढे अंगण मिळाले. जुन्या गावात आमच्या वस्तीत बैलगाडी वळत नव्हती. आज त्याच अंगणात मोटार उभी राहिली, हेही खरे.

घरात दिव्याची सोय आम्ही नंतर आमच्या सोयीने वाढवत गेलो. तेव्हा गरज होती दोन बल्ब आणि एक पंखा एवढीच. पुढे टीव्ही आला, फ्रीज आला, छोटी पिठाची गिरणी आली. प्रत्येक वेळी कुणा ओळखीच्या पोराला बोलावले, त्याने आहे त्याच तारेतून फाटा काढून दिला. तिसऱ्या पिनेची तार कुठे जाते, हे ना त्याने सांगितले ना आम्ही विचारले. फ्रीजच्या दाराला हात लावला की मुंग्या यायच्या. आमची घरची मंडळी चप्पल घालून फ्रीज उघडायची. स्वयंपाकघरात चप्पल घालू नये म्हणणारी बाई फ्रीजसाठी वेगळी चप्पल ठेवत होती, आणि यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. माझा चुलतभाऊ एका उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी ओतताना चिकटून गेला. आम्ही नशिबाला बोल लावला. नशीब मानत नाही म्हणणारी माणसे आम्ही, तरी त्या दिवशी नशीबच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका वायरमन पोराला बोलावले. पोरगा चुणचुणीत. त्याने डबा पाहिला, हसला. "काका, ह्यात काय हाय? पाच मिनिटांचं काम." सॉकेट उघडला आणि वायरचा बोटभर तुकडा कापला. न्यूट्रलपासून अर्थच्या पिनेपर्यंत तो जोडला की चार्जर फसतो, त्याला वाटते अर्थिंग आहे. "दोनशे रुपये द्या. समदे असंच करत्यात." मी खिशात हात घातला होता. खोटे कशाला बोलू? गाडीचा हप्ता सुरू झाला होता, गाडी मात्र दारात नुसती उभी होती. दोनशे रुपयांत सुटका होत असेल तर कुणाला नको?

लेक आतून आली. ती म्हणाली, "चार्जर जे नाही म्हणतोय, ते आपण हो म्हणून कशाला सांगायचं? दवाखान्यात बीपीचं यंत्र जास्त दाखवायला लागलं, तर मी काटा वाकवून कमी करू का?" पोरगा जरा रागावला, पन्नास रुपये येण्याजाण्याचे घेऊन निघून गेला.

मग मी तात्यांकडे गेलो. तात्या म्हणजे आमच्याच ओळीतले, खांबावर आयुष्य काढून निवृत्त झालेले लाईनमन. त्यांनी पिशवीतून जुना शंभराचा तारेचा बल्ब आणि होल्डर काढला. होल्डरच्या दोन तारांपैकी एक फेजला, एक न्यूट्रलला लावली. बल्ब लखलखला. मग न्यूट्रलची तार काढून अर्थच्या पिनेला लावली. काहीच नाही. तारेत साधी लाली सुद्धा नाही. ही तपासणी जाणत्या माणसानेच करावी, घरी कुणी करून पाहू नये, असे त्यांनी मला दोनदा बजावले.

तो बोटभर तुकडा काय करतो, हे तात्यांनी जे सांगितले ते मी जमेल तसे लिहितो, कारण आपल्या वस्त्यांत विजेच्या स्कूटरी आता बऱ्याच आल्या आहेत. खांबावरून घरात दोन तारा येतात. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून परत जाते. वादळात, झाडाच्या फांदीने, नाहीतर खांबावरची जोडणी सैल होऊन न्यूट्रल तुटली, की घरातले दिवे बंद पडतात. आपण म्हणतो, लाईट गेली. पण फेज जागीच असते. ती चालू बटणाच्या दिव्यातून, पंख्यातून फिरून न्यूट्रलच्या तारेत येऊन बसते, तिला परत जायला वाट नसते. आणि ती न्यूट्रल आपण आपल्या हाताने गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. गाडी रबराच्या चार चाकांवर उभी. वीज जमिनीत उतरणार कशी? सकाळी कुणी अनवाणी, ओल्या अंगणात, दाराला हात लावीपर्यंत ती तिथेच थांबून राहते.

"तुमचा नातू शाळेत जाताना गाडीला हात फिरवून जातो का न्हाई?" तात्यांनी विचारले.

मी उत्तर दिले नाही. नातू रोज गाडीवर बोटाने स्वतःचे नाव लिहून जात होता.

खड्डा खणायचे ठरले. आठ फूट खोल. तात्या म्हणाले, अर्थिंग म्हणजे जमिनीशी खरी ओळख. लोखंडाला जस्ताचा मुलामा दिलेला अडीच मीटरचा पाइप उभा गाडायचा, भोवती लोणारी कोळसा आणि खडे मीठ यांचे थर द्यायचे, वरून पाणी ओतायला नरसाळे ठेवायचे. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ विजेला वाट करून देते. जमीन कोरडी पडली की अर्थिंग मेले.

पहिला खड्डा अंगणात, गाडीजवळ घेतला. वर दोन हात काळी माती, मग मुरूम, आणि चार फुटांवर पहार वाजली. खडक. पुनर्वसनाचे गाव माळावर वसलेले, दुसरे काय निघणार? दोन पोरे दिवसभर पहारीने ठोकत बसली, वीतभरही सरकले नाही. संध्याकाळी आमच्या घरच्या मंडळींनी एका वाक्यात प्रश्न सोडवला. "मोरीच्या मागं खणा की. तिथं पारिजातक बारा महिने हिरवा असतोय, म्हंजी खाली ओल हाय." तिथे आठ फूट सहज मिळाले. एकतीस वर्षे गाड्यांत घालवलेल्या माणसाला जे सुचले नाही, ते सांडपाण्याकडे रोज पाहणाऱ्या बाईला सुचले.

तात्यांनी ओळखीच्या ठेकेदाराकडून अर्थ टेस्टर आणला. जमिनीत खिळे ठोकून मोजले, ११ ओहम. पाचाच्या आत हवे म्हणाले. आठ दिवस रोज चार बादल्या पाणी घातले, ९ वर आले आणि अडून बसले. तेव्हा दुसरा खड्डा घ्यायचा ठरले. पहिल्यापासून दहा फुटांवर, म्हणजे तो नेमका शेजारच्या घराच्या हद्दीवर येत होता. शेजारीण म्हणाली, "खणा खुशाल, पण माझ्या फ्रीजलाबी ती तार द्या. मलाबी मुंग्या येत्यात." दोन्ही पाइप आठ नंबरच्या जीआय तारेने जोडले. मोजले तर ४.६. तात्यांनी तोच जुना बल्ब पुन्हा लावून पाहिला. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये तो चांगला पेटला.

गाडीसाठी मीटरपासून वेगळी तार ओढली, तांब्याची, ४ चौरस मिलिमीटरची. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हा चार्जर ३.३ किलोवॅटचा, म्हणजे साधारण चौदा अँपिअर खेचतो. गिरणीही बरेच खेचते, पण दहा मिनिटे, पायली दळली की बंद. गाडी तासन् तास तेवढेच खेचत राहते. बारीक तार दहा मिनिटे सोसते, चार तासांत तिचे आवरण मऊ पडते, सॉकेट पिवळा पडतो, मग काळा. आमचा गिरणीचा जुना सॉकेट उघडून पाहिला तर आतून एका बाजूला करपलेलाच होता. नवीन सॉकेट चांगल्या प्रतीचा घेतला, त्याला स्वतंत्र २० अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. हा आरसीसीबी गळती पकडतो. अर्थिंग असेल तर पत्र्यात वीज उतरताच तो तोडतो, कुणी हात लावायच्या आधी. अर्थिंग नसेल तर हात लागल्यावर तोडतो. दोन्हींत किती अंतर आहे ते लहान मुले असलेल्या घराने ओळखावे. सगळा मिळून खर्च साडेतेरा हजार झाला. खणायची मजुरी पोरांनी घेतली नाही, मटणाचे जेवण घेतले.

भार वाढवून घ्यायचे काम राहिले होते. आमच्या मीटरचा मंजूर भार एक किलोवॅटचा. एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी सांगितले होते की, गाडी चार्ज करायची तर व्यापारी मीटर घ्यावे लागेल, नाहीतर दंड बसेल. लेकीने माहिती काढली. आपली गाडी आपल्या घरच्या जोडणीवर चार्ज करता येते, हे केंद्र सरकारच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, आणि आपल्या राज्यात त्याला घरगुतीच दर लागतो. व्यापारासाठी दुसऱ्यांच्या गाड्या चार्ज करून द्यायच्या तर गोष्ट वेगळी. तिने महावितरणकडे पाच किलोवॅटचा अर्ज केला, परवानाधारक ठेकेदाराचा तपासणी अहवाल जोडला, पैसे भरले. एका फेजवरच काम भागले. काही लोक म्हणाले, भार न वाढवताही चालते, कोण बघतंय. चालतही असेल. पण एकाच ट्रान्सफॉर्मरवर सगळी ओळ आहे. आपण किती घेतो ते लपवले, तर त्यावर किती ओझे आहे हे मोजणाऱ्याला कसे कळणार?

ओझ्यावरूनच मग शेजारात कुरबूर झाली. नोव्हेंबरात संध्याकाळी पंखे मंद फिरू लागले, टीव्हीचे चित्र आक्रसले. समोरच्या घरातला पोरगा मोठ्याने बोलला, "एकाच्या गाडीपायी समद्या गल्लीचा व्होल्टेज खाल्ला." ऐकून वाईट वाटले. दुसऱ्या संध्याकाळी त्यालाच घरी बोलावले, तात्यांनी मीटर लावला. गाडी बंद असताना १९२ व्होल्ट. गाडी लावली, १८४. म्हणजे त्याचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. व्होल्टेज आमच्याआधीच पडलेले होते, आम्ही ते आणखी पाडत होतो. रात्री अकरानंतर मोजले तर २२८. त्या दिवसापासून गाडी अकराच्या आधी लावायची नाही असे ठरले. लेकीलाही ते सोयीचे, ती यायचीच दहाला.

आणि अकरा ते सहा हा वेळ पुरून उरतो. पुस्तिकेप्रमाणे हिची २४ युनिटची बॅटरी दहा टक्क्यांवरून भरायला पावणेनऊ तास लागतात, म्हणून आम्ही आधी घाबरलो होतो. पण रोज कोण रिकामी करतो? तिचे जाणे-येणे साठ किलोमीटरचे. एका युनिटला सातेक किलोमीटर धरा, साडेआठ युनिटे, तीन तासांत भागते. रात्री लाईट गेली आणि दोन तासांनी आली तरी सकाळी गाडी तयार असते. फक्त एकदाच, डिसेंबरात, रात्रभर वीज नव्हती. त्या दिवशी ती सकाळच्या एसटीने गेली आणि मला बरे वाटले, जुनी मैत्रीण उपयोगी पडल्यासारखे.

बिलाचे विचारणारे पुष्कळ भेटतात. पूर्वी आमचा वापर महिना पंच्याहत्तर युनिटांचा, बिल साडेसहाशेच्या घरात. गाडीमुळे सव्वादोनशे युनिटे वाढली आणि बिल साडेतीन हजारांवर गेले. पहिले बिल पाहून घरच्या मंडळींनी कागद उलटा ठेवला. विजेचे दर टप्प्याने चढतात, शंभराच्या आतला दर वेगळा, शंभर ते तीनशेचा जवळजवळ दुप्पट, तीनशेच्या पुढे आणखी जास्त. म्हणून आम्ही तीनशेच्या आत राहायला बघतो, पाण्याची मोटार जपून लावतो. तेवढेच अंतर पेट्रोलवर कापायचे तर महिन्याला नऊ हजारांच्या पुढे जातात. पण गाडीची किंमत, हप्ता आणि विमा धरला तर फायदा किती हे पाच-सात वर्षांनी कळेल, आताच छाती फुगवण्यात अर्थ नाही.

जुन्या गावी असताना गावात खांब आले तेव्हा ते वेशीपर्यंत येऊन थांबले होते. वस्तीत दिवा यायला पुढे किती वर्षे गेली ते मला आठवते, कारण तोवर मी गावातल्या दिव्याच्या खांबाखाली बसून चौथीचा अभ्यास केला. नातवाला हे खरे वाटत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता, हेही त्याला नवीनच होते. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळात उभे राहिले. त्याने विचारले, "मग बाबासाहेबांना अर्थिंग माहीत होतं का?" मी म्हणालो, तात्यांना विचार.

शेजारणीच्या फ्रीजची मुंगी थांबल्याची बातमी बायकांत फिरली आणि खड्ड्यांचे लोण पसरले. जानेवारीपासून आमच्या ओळीत सहा घरांनी अर्थिंग करून घेतले. गाडी त्यातल्या एकाकडेही नाही. कुणाच्या घरी कूलर आहे, कुणाच्या कपडे धुण्याचे यंत्र, एकाकडे फक्त गिरणी. तात्या पैसे घेत नाहीत, चहा घेतात. तो पहिला वायरमन पोरगाही एकदा येऊन खड्डा बघून गेला. आता तोच या कामाचे पैसे घेऊन दुसऱ्या गल्लीत करतो, आणि नीट करतो असे ऐकतो. करू दे, पोटाचे काम आहे.

मे २०२५ मध्ये ऊन चढले तेव्हा तात्यांनी पुन्हा मोजले, ६.२ झाले होते. काळी माती भेगाळली होती. तेव्हापासून रविवारी दोन्ही नरसाळ्यांत दोन-दोन बादल्या पाणी घालण्याचे काम नातवाकडे दिले आहे. तो मोरीतले सांडपाणी वापरतो, पिण्याचे नाही, हे आजीने त्याला पढवले आहे. पंधरा दिवसांनी ४.८ वर आले. ओळीतले शेवटचे घर एकट्या म्हातारीचे आहे, तिच्याकडे एक बल्ब आणि एक जुना टेबल पंखा. पंख्याची जाळी लोखंडी. तिथला खड्डा येत्या रविवारी घ्यायचा आहे, कोळसा आणि मिठाचे पोते आमच्या ओट्यावर आणून ठेवले आहे.